जाताना सुसाट, येताना पायवाट

बॅकअप ही अशी सेवा आहे, की तिचं कौतुक ती वापरायची वेळ येईपर्यंतच होतं. रोज सकाळी संगणक विभागाकडून मेल येतो, ‘कालचा बॅकअप यशस्वी’, आणि शेजारी हिरवी खूण. साहेब तो न उघडता समाधानी होतात, ऑडिटर त्याची छापील प्रत फाइलला लावून समाधानी होतो आणि सिस्टिम अ‍ॅडमिन मेल वेळेवर गेला म्हणून समाधानी होतो. इतकी माणसं एकाच वेळी समाधानी असण्याचा योग कार्यालयात एरवी फक्त बोनस वाटपाच्या दिवशी येतो, आणि तेव्हाही दोघे-तिघे कुरकुरतातच. त्या हिरव्या खुणेचा अर्थ मात्र एवढाच, की माल इथून निघाला आणि तिथे उतरला. तो परत येईल का, आणि आला तर किती वाजता, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं असं, की व्हर्च्युअल मशिनच्या बॅकअपसाठी स्टोरेजचं जाळं आखताना बहुतेक सगळे फक्त जाण्याचा रस्ता आखतात. ज्या रस्त्यानं गेलं त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं परत येईल, असं मनोमन धरून चालतात. तसं होत नाही. आणि गंमत अशी, की यात कुणाचाच मूर्खपणा नसतो. शहाण्या माणसांनी एकेक करून घेतलेले शहाणे निर्णय असतात. मूर्खपणा असता तर कधीच दुरुस्त झाला असता.

नमुन्यादाखल एक मध्यम आकाराची संस्था घेऊ. सहकारी बँक म्हणा, साखर कारखाना म्हणा, गाड्यांचे सुटे भाग करणारी चाकणची कंपनी म्हणा. तीन सर्व्हर, त्यांच्यावर चालणारी ४० व्हर्च्युअल मशिन, आणि या चाळिसांचा १० टेराबाइट डेटा पोटात घेऊन बसलेलं एक सामायिक स्टोरेज. व्हर्च्युअल मशिन म्हणजे शेवटी स्वतःला संगणक समजणारी एक भलीमोठी फाइल. ती स्टोरेजवर राहते, सर्व्हरवर फक्त कामाला येते. त्यामुळे या दोघांमधलं जाळं आखताना कसलीही कसूर ठेवत नाहीत. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डं, मधे दोन स्विच, पलीकडे दोन कंट्रोलर, आणि एका बाजूची केबल चुकून दुसऱ्या बाजूला लागू नये म्हणून केबलना वेगवेगळे रंग. फायबर चॅनेल असेल तर कोणत्या कार्डानं कोणाशी बोलायचं याचं झोनिंग करायचं, तेही सोळा-सोळा चिन्हांचे पत्ते टिपून. फायबर चॅनेल मानक म्हणून मंजूर झालं १९९४ साली. त्या पत्त्यांतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तासभर कपाळाला हात लावून बसायचं, ही प्रथा मात्र अजून चालू आहे. फायबर परवडत नसेल तर आयस्कझी, म्हणजे स्टोरेजचा कारभार साध्या इथरनेटवरून. ते २००४ साली मानक झालं आणि त्यालाही दोन वेगळे सबनेट, दोन वेगळे स्विच लागतात. इतका सगळा बंदोबस्त झाल्यावर, पैसेही संपल्यावर, बैठकीत कोणीतरी विचारतं, ‘आणि बॅकअप?’ त्यावर उत्तर मिळतं, ‘तो काय, मॅनेजमेंटच्या पोर्टवरून जाईल.’

मॅनेजमेंटचं पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर फुकट मिळालेलं एक गिगाबिटचं पोर्ट. दहा गिगाबिटची महागडी पोर्टं स्टोरेजला आणि रोजच्या कामाला दिलेली असतात. उरलेलं हे पोर्ट ‘सर्व्हर जिवंत आहे का’ एवढं विचारण्यासाठी ठेवलेलं असतं. व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या जगात काही वेगळं सांगितलं नाही तर बॅकअपचा सगळा माल याच पोर्टातून निघतो. सात क्रमांकाच्या आवृत्तीपासून बॅकअपसाठी निराळं पोर्ट नेमून देण्याची सोय आली आहे, पण ती सोय कोपऱ्यातल्या एका चौकटीत खूण केल्यावर चालू होते. अशा चौकटींकडे माणसाचं लक्ष काहीतरी बिघडल्यावरच जातं.

तरीही रोजचा बॅकअप व्यवस्थित होतो, आणि खरी मेख इथेच आहे. पूर्वी बॅकअप घ्यायचा म्हणजे दर वेळी अख्खी डिस्क वाचायची. त्याला इतका वेळ लागायचा, की रस्ता अरुंद आहे हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळायचं. २००९ साली व्हीएमवेअरनं बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवण्याची सोय आणली, आणि कालपासून जेवढं बदललं तेवढंच उचलायचं, असा नियम झाला. आपल्या नमुना-संस्थेत दिवसाला तीन टक्के डेटा बदलतो असं धरलं तर ३०० गिगाबाइट झाले. एक गिगाबिटचा रस्ता सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहून नेतो. म्हणजे चाळीस मिनिटांत काम फत्ते! मग दहा गिगाबिटचं कार्ड मागणाऱ्या अ‍ॅडमिनकडे खरेदी विभाग ‘हौस बघा’ अशा नजरेनं पाहतो, आणि हिशेबानं त्याचं बरोबरच असतं. परतीचा हिशेब मात्र निराळा आहे. स्टोरेज गेलं, तर परत आणायचे असतात ते ३०० गिगाबाइट नव्हेत, सगळेच्या सगळे १० टेराबाइट. त्याच रस्त्यानं त्याला ८०,००० सेकंद, म्हणजे सव्वाबावीस तास लागतात, तेही वाटेत कोणी न थांबता, न शिंकता. प्रत्यक्षात दीड दिवस धरावा.

जुन्या चाळीच्या जिन्याचं असंच असतं. तीस वर्षांत एकेक वस्तू त्या जिन्यानं वर गेलेली असते. एका दिवाळीला कपाट, एका लग्नात पलंग, भिशी लागली त्या साली फ्रिज. जिना अरुंद आहे अशी तक्रार कोणी केलेली नसते, कारण एका वेळी एकच वस्तू चढत होती. मग पुनर्विकासाची नोटीस येते आणि चाळीस बिऱ्हाडांना एकाच रविवारी खाली उतरायचं असतं. तेव्हा कळतं, की कपाट वळणावर अडकतं, त्याच्या मागे जोशांचा पलंग अडकतो, आणि ‘हे चढवलं कसं होतं?’ असा प्रश्न विचारून काहीच उपयोग नसतो, कारण ते चढवलं होतं एवढं खरं.

यावर जाणकार म्हणतील, की मॅनेजमेंटच्या पोर्टाचं उदाहरण घेऊन भांडणं सोपं आहे. नीट केलेल्या रचनेत बॅकअप सर्व्हर थेट स्टोरेजच्या जाळ्यात बसवतात, फायबरवरून थेट वाचतात, आणि सर्व्हरना त्याचा पत्ताही लागत नाही. हे म्हणणं योग्यच आहे. सोळा गिगाबिटच्या फायबरवर १० टेराबाइट कागदावर पावणेदोन तासांत वाचून होतात. पण हा राजरस्ताही बहुतेक ठिकाणी एकेरी असतो, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण तांत्रिक. जागा वाचवण्यासाठी आजकाल बहुतेक व्हर्च्युअल डिस्क ‘थिन’ ठेवतात, म्हणजे लागेल तशी जागा घेणाऱ्या. अशा डिस्कवर थेट फायबरवरून परत लिहायचं तर प्रत्येक नव्या ब्लॉकसाठी आधी जागा मागावी लागते, मग ती पुसावी लागते, मग लिहायचं. हे इतकं रेंगाळतं, की व्हीएमवेअरची स्वतःची कागदपत्रंच सांगतात, थिन डिस्क परत आणायची असेल तर साध्या नेटवर्कचा रस्ता बहुधा जास्त वेगवान पडतो. म्हणजे जाताना फायबर, आणि येताना पुन्हा ते एक गिगाबिटचं पोर्ट, जे कोणीच रुंद केलं नाही, कारण आता तर फायबर आहे ना!

दुसरं कारण भीती, आणि ती अगदी रास्त आहे. बॅकअप सर्व्हर पुष्कळदा विंडोजचा असतो. त्याला स्टोरेजवरचा लन, म्हणजे डिस्क म्हणून दिलेला स्टोरेजचा वाटा, दाखवला, की विंडोजला ती डिस्क अनोळखी वाटते, कारण व्हीएमवेअरची फाइल-रचना त्याला वाचता येत नाही. मग मदतीला तत्पर अशा नव्या शिपायाच्या उत्साहानं ते विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याजोगी करून देऊ का?’ रात्रीच्या जागरणानं डोळे जड झालेल्या माणसानं ‘हो’ म्हटलं, की चाळीस मशिनचा पत्ता साफ. म्हणून अनुभवी मंडळी आधी विंडोजची ही परोपकारी वृत्ती आज्ञा देऊन बंद करतात, आणि त्याहून अनुभवी स्टोरेज अ‍ॅडमिन तो लन फक्त वाचण्यापुरता उघडतो. वाचायचं असेल तेवढं वाचा, लिहायचं नाव काढू नका. बॅकअपला लिहायचा अधिकार लागतच नाही, त्यामुळे रोजची हिरवी खूण येत राहते. लिहायचा अधिकार लागतो तो परत आणताना. त्या दिवशी अधिकार देणारा स्टोरेज अ‍ॅडमिन कुठल्याशा लग्नाला सावंतवाडीला गेलेला असतो.

मग लिहायचा रस्ता सताड उघडा ठेवायचा का? तर नाही, आणि इथे विरुद्ध बाजूनं जपानचा दाखला देता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्याच प्रोग्रॅमनं सुमारे ७७ टेराबाइट संशोधन डेटा पुसून टाकला. पुरवठादारानं तो प्रोग्रॅम सुधारला आणि जुना चालू असतानाच त्याच्या जागी नवा ठेवला. अर्धवट वाचलेल्या सूचनांवरून त्यानं जुन्या नोंदवह्यांऐवजी ३ कोटी ४० लाख फाइलींवर हात फिरवला. राखणदाराला घराची किल्ली देताना घ्यायची ती काळजी इथे घेतली गेली नाही. तेव्हा वाचण्याचा रस्ता फक्त वाचण्यापुरताच असू द्यावा, हा आग्रह योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मग परतीसाठी दुसरा रस्ता हवा, आणि तो निम्म्या मनानं नव्हे, मोजून आखलेला हवा. दहा गिगाबिटचं निराळं बॅकअप नेटवर्क, त्यावर प्रत्येक सर्व्हरचं नेमून दिलेलं पोर्ट, आणि मालाच्या कोठारापर्यंत, म्हणजे बॅकअप साठवतात त्या जागेपर्यंत, सलग तेवढीच रुंदी. वाचायला फायबर आणि लिहायला हे. ही रचना डौलदार दिसत नाही, आकृतीत दोन रस्ते दोन दिशांना जाताना पाहून सल्लागाराला ओशाळल्यासारखं होतं, पण काम करते.

तिसरा एक मार्ग आहे आणि तो फार लोकप्रिय आहे, कारण त्याला कार्ड लागत नाही, केबल लागत नाही, मंजुरीही लागत नाही. बॅकअपचं काम करणारं एक व्हर्च्युअल मशिनच उभं करायचं आणि दुसऱ्या मशिनची डिस्क तात्पुरती त्याला जोडून द्यायची. याला हॉट-अ‍ॅड म्हणतात. चालतं झकास. कधीकधी काम झाल्यावर डिस्क सोडायला विसरतं, मग मागे राहिलेला स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची नोंद, फुगत जातो आणि एका रविवारी पहाटे स्टोरेज भरल्याची बातमी येते, पण ते असो. परतीच्या दृष्टीनं त्यातली खोच ही, की वाचवणारा हा स्वतःच त्या चाळीस मशिनांपैकी एक आहे. स्टोरेज बुडालं की तोही बुडाला. त्याला आधी बाहेर काढायचं, मग त्यानं बाकीच्यांना काढायचं. आणि बाहेर काढल्यावरही माल त्याच्यापर्यंत पोचायचा तो कोठाराकडून येणाऱ्या साध्या नेटवर्कवरूनच. म्हणजे फिरून आपण त्या जिन्यावर आलो.

आता काही जण म्हणतील, एक गिगाबिट कमी पडतं तर दोन केबल लावू, दोन गिगाबिट होतील. बेरीज बरोबर आहे, नेटवर्कला मान्य नाही. दोन केबल एकत्र बांधल्या तरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चाललेला एक प्रवाह त्यांतल्या एकाच केबलमधून जातो, कारण कोणत्या केबलनं जायचं हे दोन टोकांच्या पत्त्यांवरून ठरतं. दुसरी केबल शेजारी रिकामी उभी राहते आणि स्विचवर तिचा दिवा मात्र पहिलीइतकाच उत्साहानं लुकलुकतो. दिव्यांवर विश्वास ठेवणारी माणसं म्हणूनच नेटवर्कच्या धंद्यात फसतात. दुसरा हुकमी उपाय म्हणजे जंबो फ्रेम. पाकिटाचा आकार १५०० बाइटवरून ९००० करायचा, म्हणजे पाकिटं कमी आणि धावाधावही कमी. दोन्ही टोकांना हे केलं आणि मधल्या एका स्विचवर करायचं राहिलं, की छोटी पाकिटं जातात, मोठी अडतात. म्हणजे ‘पिंग’ लागतो, लॉगिन होतं, आणि बॅकअप सुरू झाल्यावर सगळं ठप्प होतं. अर्थात हे जातानाच उघडकीस येतं, म्हणून त्याची फार चिंता नको. मला चिंता वाटते ती जाताना दिसत नाही अशा गोष्टींची.

त्यांतली सगळ्यात साळसूद गोष्ट म्हणजे डीडुप्लिकेशन. कोठारात माल ठेवताना सारखे ब्लॉक एकदाच ठेवायचे आणि बाकी ठिकाणी नुसती चिठ्ठी ठेवायची. चाळीस मशिनांत विंडोजच्या त्याच त्या फाइली चाळीसदा असतात, त्यामुळे जागा भरपूर वाचते आणि विक्रेत्याच्या तक्त्यात मोठे आकडे येतात. परत आणताना मात्र त्या एकेका चिठ्ठीमागे धावावं लागतं. एक ब्लॉक परवाच्या बॅकअपमधला, पुढचा गेल्या जूनमधला, त्याच्या पुढचा भलत्याच मशिनचा. कोठारातल्या डिस्क मोठ्या, स्वस्त आणि संथ असतात. ओळीनं लिहायला त्या उत्तम, पण उड्या मारत वाचायचं म्हटलं की एकेक डिस्क सेकंदाला शंभर उड्यांच्या आसपासच थकते. म्हणजे पुढे दहा गिगाबिटचा रस्ता केला तरी कोठाराच्या दारातूनच माल हळू निघतो. डीडुप्लिकेशन वाईट असं मी म्हणत नाही. पण शेवटचा एक पूर्ण बॅकअप तरी साध्या, सलग रूपात ठेवावा, हा सल्ला देणाऱ्याला जागेची उधळपट्टी करणारा ठरवतात, हे मला पटत नाही.

जाणं आणि येणं यांत किती अंतर असतं याचा सार्वजनिक पुरावा हवा असेल, तर ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचं जे झालं ते पाहावं. दोन डेटाबेसमधली बिघडलेली प्रतिकृती सावरताना एका थकलेल्या अभियंत्यानं चुकून चालू डेटाबेसचाच फोल्डर पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले. कंपनीकडे बॅकअप आणि प्रतिकृती मिळून पाच उपाय होते. एकेक उघडून पाहिल्यावर कळलं, की पाचांपैकी एकही धड कामाचा नाही. रोजचा डेटाबेस-बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कितीतरी दिवस होतच नव्हता, आणि ‘होत नाही’ असं सांगणारे मेल सहीच्या तांत्रिक तपासणीत नापास होऊन परत फिरत होते. हिरवी खूण निदान खोटं आश्वासन तरी देते, इथे लाल खुणेलाही दारातून आत येऊ दिलं नाही. अखेर त्या अभियंत्यानं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, म्हणून कंपनी तरली. तो चाचणीच्या यंत्रावर होता आणि त्या यंत्राच्या डिस्क संथ होत्या. माल जागेवर आणायला सुमारे १८ तास लागले. आपल्या नमुना-संस्थेच्या मानानं तो डेटा किती? तीन टक्के. तोही एका जगप्रसिद्ध कंपनीचा, आणि जगानं ते सगळं यूट्यूबवर थेट पाहिलं.

‘आमचं सगळं क्लाउडवर जातं, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला लागू नाही’ असं एक वाक्य अलीकडे बैठकांतून ऐकू येतं, आणि ते म्हणताना माणूस किंचित वर, आकाशाकडे पाहतो. रोजचा फरक क्लाउडवर पाठवायला १०० मेगाबिटची लाइन कशीबशी पुरते. पूर्ण माल त्याच लाइनवरून उतरवायचा तर सव्वानऊ दिवस. एवढ्या अवधीत गणपती येऊन जवळजवळ विसर्जनाला निघतात. ज्या बँकेचे खातेदार दुपारी दोन वाजता ‘सर्व्हर डाऊन’ ऐकूनच व्यवस्थापकाच्या काचेवर बोटं वाजवतात, तिला नऊ दिवस झेपणार आहेत का, हे तिनं ठरवावं. क्लाउडची प्रत दूर असते हा तिचा गुण आहे. आग, पूर, खंडणीखोर हॅकर यांच्यासाठी ती हवीच. पण दूर असणं आणि लवकर येणं हे दोन गुण एका प्रतीत क्वचितच भेटतात.

त्याहून वजनदार आक्षेप आहे तो तत्काळ रिस्टोअरचा. आजची चांगली बॅकअप सॉफ्टवेअर माल परत न आणताच मशिन सुरू करतात. फाइल कोठारातच राहते आणि सर्व्हर ती तिथूनच नेटवर्कवरून चालवतो. पाच मिनिटांत मशिन उभं! हे मी मनापासून मान्य करतो. एक-दोन मशिन गेली असतील तर यासारखं सुख नाही, आणि यामुळे माझ्या तक्रारीचा बराच भाग निकालात निघतो. चाळीसच्या चाळीस मात्र अशी सुरू करून पाहावीत. बारा संथ डिस्कच्या कोठारावर सगळा कारभार एकदम येतो, प्रत्येक उडी मारलेलं वाचन, वर लिहिणंही तिथेच, आणि सगळं जातं त्याच बॅकअपच्या नेटवर्कवरून, जे चाळीस मिनिटांच्या कामासाठी आखलं होतं. मशिन सुरू असतात हे खरं. ती काही करत नाहीत, हेही खरं. शिवाय आज ना उद्या त्यांना मूळ स्टोरेजवर हलवावंच लागतं, आणि ते हलवणं म्हणजे तेच १० टेराबाइट, तोच रस्ता, फक्त आता त्यावर रहदारीही चालू आहे.

आणि ज्यांना वाटतं की डेटा प्रचंड झाला की बॅकअपचा नादच सोडावा, त्यांच्यासाठी दक्षिण कोरियाच्या सरकारनं सगळ्यांच्या वतीनं प्रयोग करून ठेवला आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजोन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली, आणि कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवणारी जी-ड्राइव्ह ही यंत्रणा जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट होते. दुसरी प्रत नव्हती, आणि कारण असं सांगण्यात आलं, की एवढ्या मोठ्या आकाराचा बॅकअप ठेवणं शक्य नव्हतं. आपला हिशेब लावून पाहू. दहा गिगाबिटच्या एका रस्त्यानं ८५८ टेराबाइट न्यायला कागदावर आठ दिवस लागतात, संथ डिस्क धरून महिना म्हणा. एकदा तेवढं सोसलं, की पुढे रोजचा फरकच न्यायचा होता. आकडा प्रचंड असला तरी भागाकारानं नमतो, पण त्यासाठी आधी भागाकार करावा लागतो. ‘फार मोठं आहे’ हे वाक्य ऐकलं, की सरकारी असो वा खासगी, सगळ्या बैठका ताबडतोब चहाकडे वळतात.

हे सगळं तपासायचं कधी, हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बॅकअप रात्री घ्यायचा असतो असं पुस्तकात लिहिलं आहे, पण हिंजवडीत बसून अमेरिकेचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांची ती रात्र भर दुपारी, डबा उघडायच्या वेळी येते. रिस्टोअरची चाचणी तर कुठल्याच वेळी येत नाही, कारण तिला रिकामं स्टोरेज लागतं, आणि रिकामं स्टोरेज ही वस्तू खरेदीनंतरचे सहा आठवडेच अस्तित्वात असते. जगानं ‘जागतिक बॅकअप दिन’ नेमून दिला आहे, तोही ३१ मार्चला. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी सावध व्हावं, असा त्यामागे विनोदी विचार होता. ज्यांनी तो नेमला त्यांनी भारतातल्या एखाद्या लेखा विभागाचं तोंड त्या तारखेला पाहिलेलं नसणार. त्या संध्याकाळी ‘जरा सर्व्हर बंद करून रिस्टोअर करून बघू’ असं म्हणणाऱ्याचा स्वतःचाच बॅकअप आधी घेऊन ठेवावा लागेल.

म्हणून चाचणीची वेळ एकच, खरेदीची. आणि रचनेची सुरुवातही तिथूनच, उलट्या टोकानं. सगळं गेलं तर कोणती आठ मशिन किती तासांत उभी राहिली पाहिजेत, हे आधी ठरवावं. त्या आठांत डीएनएस आणि पासवर्ड सांभाळणारं मशिन असलंच पाहिजे. एरवी बॅकअप सर्व्हर आपल्याच कोठाराचं नाव शोधत बसतो, आणि ते नाव सांगणारं मशिन कोठारात पडलेलं असतं. त्या तासांनी टेराबाइटना भागावं. जो वेग निघेल तो कोठाराच्या डिस्कला, मधल्या प्रत्येक केबलला आणि सर्व्हरच्या पोर्टाला लावून पाहावा. तीन टक्क्यांचा रोजचा बॅकअप मग त्या रस्त्यावरून शीळ घालत जाईल, त्याच्यासाठी वेगळं काही आखावं लागत नाही. खर्च वाढतो का? दहा गिगाबिटचे स्विच बहुतेक ठिकाणी आधीच असतात. लागतात ती काही पोर्टं, काही केबल आणि एक आखलेला कागद. खरा अडसर आहे तो निविदेतल्या कलमांचा. तिथे बॅकअप ‘यशस्वी घेऊन दाखवणे’ अशी अट असते आणि पुरवठादार ती पहिल्याच दिवशी हसत पूर्ण करतो. त्याऐवजी एवढंच लिहावं, की सगळे १० टेराबाइट ठरलेल्या तासांत परत आणून दाखवल्याशिवाय शेवटचे दहा टक्के बिल निघणार नाही. मग कोटेशनमध्ये ज्याचं नावही नव्हतं, ते दहा गिगाबिटचं कार्ड पुरवठादाराच्या गाडीच्या डिकीतून आपोआप निघतं, आणि ‘हे आमच्याकडून’ असं म्हणून तो ते स्वतःच बसवूनही देतो.